भेटीचे कारण : वरीलप्रमाणे

सोलापुरातील माणसे आपल्या पेठेतल्या ग्रंथालयात किती वेळा जातात आणि कशासाठी जातात, या प्रश्नावर तज्ज्ञांनी डोके शिणवण्याचे काहीच प्रयोजन नाही, कारण त्याचे उत्तर प्रत्येक ग्रंथालयाच्या दाराशी, सुतळीने बांधलेल्या पेनासह, टेबलावर उघडे पडलेले असते. या उत्तराला वाचक नोंदवही असे म्हणतात. तिच्यात अनुक्रमांक, नाव, वेळ, भेटीचे कारण आणि स्वाक्षरी असे पाच रकाने आखलेले असतात. त्यांपैकी चौथा रकाना अंगठ्याएवढा रुंद असतो, आणि माणसाने घर सोडून, ऊन डोक्यावर घेऊन, ग्रंथांच्या सहवासात का यावे याचे संपूर्ण विवेचन त्याने तेवढ्या रुंदीत बसवावे अशी अपेक्षा असते. सकाळी पहिला येणारा तेथे 'वाचन' असे लिहितो. दुसरा येणारा त्याखाली दोन छोट्या तिरप्या रेघा मारतो, तिसरा त्या रेघांखाली आणखी दोन रेघा मारतो, आणि दिवेलागणीपर्यंत त्या रकान्यात मुंग्यांची रांग लागलेली असते.

या रेघांचा अर्थ असा की, वर जे लिहिले आहे तेच येथेही आहे असे समजावे. खुणेचा हा प्रकार हजेरीपटापासून उधारीच्या वहीपर्यंत सर्वत्र रूढ असला, तरी ग्रंथालयात त्याला जी प्रतिष्ठा लाभली ती अन्यत्र कोठे लाभलेली नाही. शिवाय सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच बोळात नांदणारे शहर असल्यामुळे, चारही लिप्यांच्या वाचकांना सारख्याच सहजतेने वाचता येईल असा ग्रंथालयातील एकमेव मजकूर म्हणजे या दोन रेघा होत, ही गोष्ट नगरीच्या भाषिक ऐक्यावर भाषणे करणाऱ्यांच्या नजरेतून अजून कशी सुटली, हे कळत नाही.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने पाहता या पद्धतीत दिवसभराच्या सर्व भेटींचे कारण एकटा पहिला येणारा मनुष्य ठरवतो. हा मनुष्य बहुधा निवृत्त असतो, त्याच्या हातात रिकामी कापडी पिशवी असते, आणि तो 'वाचन' असे लिहितो ते केवळ कालही तसेच लिहिले होते म्हणून. वस्तुतः त्याच्या येण्याचे कारण पंखा हे असते, कारण वैशाखात सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या पुढे सरकला की घरातील एकमेव चांगल्या पंख्याखाली नातवंडे झोपलेली असतात आणि ग्रंथालयातील पंखा, तो कितीही कुरकुरत असला तरी, सार्वजनिक असतो. आता एखाद्या सकाळी या गृहस्थाला सत्याचा झटका आला आणि त्याने रकान्यात 'पंखा' असे लिहिले, तर त्या दिवशी आलेले सगळे सभासद, स्वाक्षरीनिशी, पंख्यासाठी आल्याची नोंद होईल. एखाद्या अधिक महिन्यात त्याने 'घरी जावई उतरले आहेत' असे लिहिले, तर खाली रेघा मारणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जावई उतरलेले असतील, आणि त्यांत अविवाहित तरुण असतील, बालविभागात चित्रांचे पुस्तक मागायला आलेली दुसरीतील मुलगी असेल, स्वतः जावई म्हणून सोलापुरात आलेला आणि सासुरवाडीच्या पाहुणचाराला कंटाळून बाहेर पडलेला गृहस्थही असेल. त्याच्यापुरती तर ती नोंद शब्दशः खरीच असेल, फक्त उलट्या बाजूने. महिनाअखेर या सर्वांची बेरीज होईल, बेरजेखाली शिक्का उमटेल, शिक्क्यासह ती वरच्या कार्यालयात जाईल, आणि पुढच्या वर्षीच्या वाचन चळवळीच्या परिसंवादात एखादे विद्वान, चष्मा कपाळावर चढवून, सोलापूरकरांच्या वाचनप्रेमाचा जावईशास्त्रीय उलगडा करतील. असे घडत नाही याचे श्रेय निवृत्त गृहस्थांच्या सवयीला द्यावे लागते, सत्यप्रियतेला नव्हे.

भेटींची वारंवारता हा स्वतंत्र विषय आहे. वारंवारता म्हणजे एकच मनुष्य किती दिवसांच्या अंतराने पुन्हा येतो त्याचे माप. रोज येणारा वर्ग वृत्तपत्रांचा असून त्याला 'मुक्तद्वार' विभाग म्हणतात, म्हणजे असा विभाग की जेथे वर्गणी न भरताही बसता येते. येथे एका वृत्तपत्राचे, पाने वेगळी करून, चार वाचकांत वाटप होते. निधनवार्तांचे पान वयाने ज्येष्ठ असलेल्याकडे आधी जाते, राशिभविष्याचे पान एकाकडे गेले की दुपारपर्यंत परतत नाही, आणि शब्दकोडे कोणी तरी सकाळी आठ वाजताच, निळ्या शाईने, निम्मे चुकीचे भरून ठेवलेले असते. आठवड्याने येणारा वर्ग कादंबऱ्या बदलणारा असतो, आणि त्याचा वार नळाला पाणी येण्याच्या दिवसावर ठरतो, कारण काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाण्याच्या दिवशी पिंप भरणे सोडून कोणी साहित्याकडे वळत नाही. वर्षातून एकदा येणारा वर्ग दिवाळी अंकांचा. मराठीत ही प्रथा १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पाडली, आणि सोलापुरातील सभासदांच्या हातोहात फिरता फिरता दिवाळीचा अंक संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा कोठे निम्म्या यादीपर्यंत पोचलेला असतो. तोवर त्याचे मुखपृष्ठ निखळलेले असते आणि विनोदी कथेचे शेवटचे पान कोणी तरी घरी ठेवून घेतलेले असते.

या सर्वांहून जास्त वेळ ग्रंथालयात काढणारा वर्ग मात्र वेगळाच आहे. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या भागांतून आलेली, शहरात खोली घेऊन राहणारी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली सकाळी कुलूप उघडण्याआधी पायरीवर बसलेली असतात. त्यांच्या बसण्याच्या दालनाला अभ्यासिका म्हणतात. तेथील खुर्चीवरचा हक्क पाण्याच्या बाटलीने किंवा रुमालाने सिद्ध होतो आणि तो सातबाऱ्याच्या उताऱ्याहून कमी भांडणांत सुटतो. ही मुले ग्रंथालयातले एकही पुस्तक मागत नाहीत. त्यांची पुस्तके त्यांच्या पाठीवर असतात. त्यांना हवी असते खुर्ची, ट्यूबलाइट, मोबाइल लावायला एक प्लग आणि कोणी ऊठ म्हणणार नाही अशी जागा. मुक्तद्वारातील ज्येष्ठांचे यावर ठाम मत असते की हल्लीची पिढी वाचत नाही. हे मत ते राशिभविष्याच्या पानावरून डोके वर करून, पलीकडच्या दालनात दहा-दहा तास मान मोडून वाचणाऱ्या मुलांकडे बोट दाखवून मांडतात. चौथ्या रकान्यातील 'वाचन' हा शब्द ज्यांच्याबाबत अक्षरशः खरा ठरावा अशी त्या पानावरची माणसे हीच, पण त्यांच्याही वाट्याला त्याच दोन रेघा येतात आणि पंख्याच्या हिशेबात ती मुले जमा होतात.

राहिली ती पुस्तके. ती काचेच्या कपाटात असतात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम असा की ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात, आणि तो समजावताना त्यांना युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने फळीला जखडून ठेवत त्याची आठवण द्यावी लागली. सोलापूर जिल्ह्याने या नियमाचा अर्थ पंढरपूरच्या परंपरेतून लावलेला दिसतो. तेथे ज्याला पायांवर डोके टेकवायला वेळ नाही त्याच्यासाठी मुखदर्शनाची वेगळी रांग असते. येथे काचेतून पुस्तकाच्या पाठीवरचे नाव दिसते तेवढे मुखदर्शन, आणि पदस्पर्शासाठी किल्ली लागते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते तुळजापूरला गेलेले असतात, किंवा आताच जेवायला गेलेले असतात, किंवा किल्ली सापडते पण ती शेजारच्या कपाटाची निघते. शेजारच्या कपाटात मार्चअखेरची खरेदी असते. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी अनुदानातील ग्रंथखरेदीचा वाटा संपवण्यासाठी घाईने घेतलेले, मोठ्या सवलतीच्या बिलावर आलेले आणि केवळ ग्रंथालयांच्या कपाटांत जाण्यासाठीच छापलेले जे पुस्तक, त्याला मार्चअखेरची खरेदी म्हणावे. त्यात थोरांची चौसष्ट पानी चरित्रे असतात, त्यांचा टाइप पाटीवरच्या अक्षरांएवढा मोठा असतो, आणि कडेचे समास इतके ऐसपैस सोडलेले असतात की मजकुराला पोरके वाटावे. ज्या कादंबरीसाठी सभासद पाच वेळा हेलपाटा घालतो तिची एकच प्रत असते आणि ती बांधणीला गेलेली असते. बांधणी म्हणजे फाटलेल्या पुस्तकाला पुठ्ठा लावणे. या कामाला लागणारा काळ मात्र कोणत्याही शास्त्राने निश्चित केलेला नाही.

नोंदवहीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर १ मे १९६८ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात, म्हणजे १९६७ च्या कायद्यात आणि त्याखालील नियमांत सापडते. या नियमांनुसार ग्रंथालयांना 'अ' ते 'ड' असे दर्जे मिळतात, दर्जा पुस्तके, सभासद, नियतकालिके आणि उघडे राहण्याचे तास यांच्या संख्येवर ठरतो, आणि दर्जावर अनुदान ठरते. संख्या म्हटली की वही आली, आणि वही आली की काही ठिकाणी वहीच ग्रंथालय होऊन बसली. २०१२ साली महसूल यंत्रणेकडून राज्यभर अनुदानित ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा कित्येक ठिकाणी दार बंद, कागद चोख असा प्रकार आढळला. तपासणाऱ्यांना त्याचे आश्चर्य वाटले असे म्हणतात. वास्तविक वाचक नसतानाही त्याची भेट नोंदवता येते, हे त्या दोन रेघांनी आधीच सिद्ध करून ठेवले होते. ग्रंथालय नसतानाही ते चालवता येते, ही त्याच सिद्धांताची पुढची पायरी होय.

मात्र या निमित्ताने चोर म्हणून ज्याच्याकडे सर्वांनी बोट दाखवले त्या माणसाचा, म्हणजे ग्रंथपालाचा, हिशेब कोणी मांडला नाही. 'ड' दर्जाच्या ग्रंथालयाला गेल्या दशकात वर्षाला ३०,००० रुपये अनुदान मिळत होते. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे १५,०००; बाराने भागले की महिन्याला १,२५०; तिसाने भागले की दिवसाला ४१ रुपये ६७ पैसे. एवढ्या पैशांत त्या माणसाने दार उघडावे, झाडावे, वृत्तपत्रे मांडावीत, देवघेव, म्हणजे पुस्तके देणे-घेणे, सांभाळावी, पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यावेत, कपाटाला वाळवी लागू देऊ नये आणि समाजात वाचनसंस्कृती रुजवावी! अनुदान पुढे वाढले हे खरे, पण ४१ रुपयांत वाढ झाली म्हणजे काय झाले, हे वाढवणाऱ्यांनी एकदा महिनाभर त्या खुर्चीत बसून पाहावे. ज्यांच्या सत्काराच्या शाली, श्रीफळे आणि हार यांचा एका संध्याकाळचा खर्च त्या माणसाच्या महिन्याच्या पगारापलीकडे जातो, तेच पाहुणे १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी व्यासपीठावरून, पुस्तक हाच खरा गुरू असे सांगतात, आणि तो माणूस मागच्या भिंतीशी उभा राहून माइकची वायर धरतो. त्याने रकान्यात दोन रेघा मारल्या नाहीत तर काय खंडकाव्य लिहावे? रेघ मारायलाही शाई लागते, आणि पेन तो स्वतःच्या पैशाने आणतो.

ग्रंथालयभेटींच्या या शास्त्रातील सर्वांत दुर्लक्षित घटक शेवटी नोंदवणे भाग आहे. सोलापुरात कादंबऱ्यांचा, कथासंग्रहांचा आणि आत्मचरित्रांचा फडशा पाडणारा वाचक नोंदवहीत जवळपास सापडतच नाही, कारण तो घरी असतो. नेमके सांगायचे तर ती घरी असते. दुपारची भांडी आटोपून संध्याकाळच्या भाकरीचे पीठ मळेपर्यंतच्या वेळात ती आठवड्याला दोन पुस्तके संपवते. सभासदत्व यजमानांच्या नावे असते, कारण अनामत, म्हणजे परत मिळण्याच्या बोलीवर ठेवून घेतलेली रक्कम, त्यांनी भरलेली असते. पुस्तक बदलायला येतात तेही यजमान, आणि स्वतः काहीच वाचत नसल्यामुळे ते हाताला लागेल ते जाडजूड पुस्तक उचलतात, परिणामी तेच पुस्तक घरी तिसऱ्यांदा येते. यावर उपाय म्हणून ती वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने एक बारीक फुली मारते आणि यजमानांना बजावते की, घेण्याआधी सतरावे पान बघा. पेठेतल्या चार-पाच जणींनी असेच वेगवेगळे पान धरलेले असते. कोणाचा ठिपका, कोणाची चांदणी, कोणाचे नुसतेच आद्याक्षर. त्यामुळे कोणते पुस्तक खरोखर किती जणींनी वाचले याची त्या शहरातली एकमेव विश्वसनीय आकडेवारी तेथे साठत जाते. भिंतीवर पाटी असते की पुस्तकावर कोणतीही खूण करू नये, दंड आकारला जाईल. दंड यजमानांना होतो. ते पावती घेतात, सतरावे पान उघडून बघण्याचे पुन्हा विसरतात, आणि तेच पुस्तक चौथ्यांदा पिशवीत टाकून घरी निघतात.