एका बोहल्यावर दोन नवरदेव

मे महिन्यात अकोल्यात मुहूर्त एकवेळ चुकेल, लाइट जाणं चुकत नाही. म्हणून मंडपामागे जनरेटर. तो आणि महावितरणची लाइन एकत्र जोडली जाऊ नये, म्हणून चेंजओव्हर स्विच असतो: इकडे लाइन, तिकडे जनरेटर, मधोमध बंद. एका बोहल्यावर दोन नवरदेव नकोत, एवढीच त्याची अट. आमचा वायरमन मात्र दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर थेट सॉकेटात खुपसतो. मेन स्विच पाडायचा राहिला, तर जनरेटरचे २३० व्होल्ट रोहित्रातून उलटे चढून ११,००० च्या वाटेला लागतात आणि लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला गाठतात. ‘काही होत नाही नं भाऊ!’ अमरावतीहून आलेल्या वऱ्हाडाला तोवर डीजेचा आवाज कमी वाटू लागलेला असतो. स्विचचे वाचलेले पैसे फटाक्यांत गेले.