कोटाची किंमत

लीड्स, 14 नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,



जावईबापूंचा दिवाळीतला फोटो बघून तू ‘आधी घराचे हप्ते फेडा, मग कोट मिरवा’ असा निरोप दादाकरवी धाडलास, तो पोचला. फोनवरच खुलासा केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि शेजारच्या काकू ‘शुभा का गं?’ म्हणत मध्ये पडतात. ही गोष्ट काकूंच्या कानावर जायची नाही, म्हणून पत्र.

तर कोट नऊ पौंडांना पडला. आपले हजारएक रुपये. शुद्ध लोकर, आतून अस्तर. नवा घ्यायचा तर शंभर पौंड सहज गेले असते. आता हातातली चकली खाली ठेव आणि पुढचं वाच. कोट जुना आहे, कोणीतरी वापरलेला.

इथे गावोगावच्या बाजारपेठेत चॅरिटी शॉप असतात. लोक नकोसे झालेले कपडे, पुस्तकं, कपबश्या आणून देतात. बरेचदा पगाराविना काम करणाऱ्या पेन्शनीतल्या बायका ते कपडे निवडतात, वाफेची इस्त्री फिरवतात, किमतीच्या चिठ्ठ्या लावतात. पैसे संस्थेला जातात: कुठे कॅन्सरच्या संशोधनाला, कुठे हृदयरोगाच्या, कुठे ऑक्सफॅमला. आम्ही त्यासाठी बस पकडून इल्कलीला जातो, कारण शहाण्यानं जुने कपडे नेहमी श्रीमंतांच्या गावात घ्यावेत. तिथले लोक कपडे कंटाळा आला म्हणून देतात. आपण विटला, फाटला, पायपुसणं करूनही उरला, तर देतो.

मंदारच्या कोटावर ‘सेंट मायकेल’ असं लेबल आहे. मार्क्स अँड स्पेन्सरचा हा छाप 2000 साली बंद झाला, म्हणजे हा कोट दुकानात टांगला होता तेव्हा तुझे जावई हाफ चड्डीत गोट्या खेळत होते. इतक्या वर्षांत एक बटणसुद्धा ढिलं नाही. आधी त्यांनी दुसराच एक पसंत केला होता, राखाडी, कमरेत किंचित आवळ. बटणं डाव्या बाजूला होती. तो बायकांचा आहे हे मी सांगितलं, कन्येनं सांगितलं, शेवटी गल्ल्यावरच्या आजींनीही सांगितलं. ‘कारखान्यात उलटा शिवला असेल’ म्हणत त्यांनी आरशासमोर आणखी दोन गिरक्या घेतल्या.

कपडा पारखायचा कसा, हे मी आता वर्ग काढून शिकवीन. आधी उजेडाकडे धरायचा, कसरीनं खाल्लेली भोकं लगेच दिसतात. मग चेन वरखाली करायची, कोपर चाचपायचं, खिसे उलटे करायचे (एकदा पेपरमिंट निघालं, कन्येच्या तोंडातून परत काढावं लागलं). शेवटी काखेचा वास. हे खातं मंदारकडे. ते आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, मग एकदम खाली मान घालतात.

मेलेल्या माणसाचा असेल, हे तू म्हणणार. असेलही. मी विचारलं नाही. पण आई, लोकरीला विटाळ नाही ना? आजी सोवळ्यात धाबळी नेसूनच स्वयंपाक करायची. लोकर ड्रायक्लीनला द्यावी तर कोटापेक्षा धुलाई महाग, म्हणून कसरीची अंडी मारायला लोकरीचे कपडे पिशवीत बांधून पंधरवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचे, ही इथली रीत. परवा मंदारच्या साहेबांच्या बायकोला बर्फ काढून द्यायला गेले, तर ओल्या खोबऱ्याशेजारी निळा स्वेटर. मी चपापले. ती म्हणाली, ‘आमच्याकडे मटारशेजारी असतो.’

इथलं हे मला फार आवडतं. कपड्याचं कौतुक केलं की समोरची बाई ताठ मानेनं सांगते, चॅरिटी शॉप, चार पौंड! आपल्याकडे साडी सेलमधली असली तरी किंमत चढवून सांगायची. आणि बोहारणीला पिशवी भरून कपडे देऊन तू स्टीलचा डबा घेतेस, तेव्हा ते कपडे पुढे कोणाच्या तरी अंगावरच जातात ना? ताईचे फ्रॉक मी आठवीपर्यंत घातले, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. जुना कपडा घराबाहेर जाताना चालतो, घरात येताना मात्र माणूस कोण, मेला की जिता, सगळी चौकशी. आता तर कन्येचा गणवेशही जुनाच घेतला. पालकांना जुने गणवेश मिळण्याची सोय हवी, असा इथल्या शाळांना सरकारचाच दंडक आहे.

आम्ही देतोही बरं का. आत्यानं दिलेला सोनेरी टिकल्यांचा ड्रेस दिला. आपण कर भरत असलो तर दुकान आपलं नाव नोंदवतं, विक्रीच्या दर पौंडामागे सरकारकडून पंचवीस पेन्स वर मिळवतं आणि आपला माल किती पौंडांना गेला ते आपल्याला रीतसर कळवतं. आत्याचा ड्रेस साडेतीन पौंडांना गेला. तिला सांगू नकोस, तिच्या लेखी तो पैठणीच्या तोलाचा आहे.

जे खपत नाही ते वजनावर व्यापाऱ्यांना जातं. जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून नवं सूत काढायची युक्ती आमच्या शेजारच्याच बॅटली गावात 1813 मध्ये बेंजामिन लॉ नावाच्या गृहस्थानं काढली. आज तो धंदा पानिपतात जोरात आहे. परदेशातले जुने स्वेटर-कोट तिथे रंगावारी निवडतात, फाडतात, त्यांच्या सुताची स्वस्त ब्लँकेटं विणतात. तेव्हा बाबांनी स्टेशनसमोरून घासाघीस करून आणलेलं ते करडं ब्लँकेट जरा उजेडात धरून बघ. कदाचित दहा वर्षं तू कुणा साहेबाच्या कोटाखाली झोपत असशील.

आता काम. बाबांचा लग्नातला सूट ट्रंकेत आहे, त्यावर मंदारची नजर आहे. तशी रुंद कॉलर इथे पुन्हा आली आहे आणि लोक तिच्यासाठी दुकानं पालथी घालतात. खांदा आणि बाही मोजून कळव. कमरेचं माप नको, तेवढी कंबर आता आमच्यात कोणाचीच नाही, शिंप्याकडे द्यावाच लागेल. दादा डिसेंबरात येतो आहे, त्याच्याबरोबर पाठव. लाडवांचं वजन थोडं कमी कर, म्हणजे बॅगेत मावेल.

बाबांना अजून विचारलेलं नाही. ते तू बघ.

तुझी,
शुभा