हॅड हॅडचा माणूस

आमच्या सोसायटीत इंग्रजीवरचा शेवटचा शब्द माझा असतो. पाणी बंद राहणार असो की लिफ्ट, नोटीस आधी माझ्याकडे येते. मी चष्मा पुसतो, डॉक्टर एक्सरेकडे बघतात तसा कागद उजेडात धरतो आणि म्हणतो, "टाकी काल धुतली ना? मग 'वॉज क्लीन्ड' पुरे. 'हॅड बीन' कशाला?" चेअरमन "हो का?" म्हणतात. त्या "हो का"वर माझे दोन दिवस छान जातात. मध्यंतरी एका पत्रात 'हॅड हॅड' असे लागोपाठ दोन हॅड व्याकरणशुद्ध बसले, तर मी ते पत्र तिसऱ्या मजल्यापर्यंत दाखवून आलो.

चेअरमनांना बोल लावण्यात अर्थ नाही. मराठी माणसाला हॅड अतोनात प्रिय. "मी तुम्हाला सांगितलं होतं" हे आपलं राष्ट्रीय वाक्य. त्यातला 'होतं' इंग्रजीत शिरला की हॅड होऊन बसतो: 'आय हॅड टोल्ड यू.' इंग्रजाकडे हॅड ठेवलाय तो दोन घटनांमधली आधीची कोणती हे दाखवायला. त्यामुळे तो बिचारा दुसऱ्या घटनेची वाट बघत थांबतो. ती येतच नाही. आपलं सांगून झालेलं असतं.

शाळेत काळ बारा होते. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, फळ्यावर आखलेला तक्ता. तो मला असा पाठ आहे की मध्यरात्री उठवून फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस विचारलंत तरी कूस न बदलता सांगेन. हा काळ वापरायची वेळ आयुष्यात अजून आलेली नाही, पण तयारी आहे. पुढे कधीतरी वाचनात आलं की रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या भल्याथोरल्या व्याकरणात इंग्रजीला काळ दोनच धरले आहेत. क्रियापद स्वतःचं रूप बदलतं ते वर्तमान आणि भूतकाळापुरतं. 'विल' हा बाहेरून बोलावलेला मदतनीस. म्हणजे तक्त्यातला भविष्यकाळ कागदोपत्रीच. छड्या मात्र आम्ही बाराही काळांच्या खाल्ल्या.

आता 'आलो'बद्दल. विषय इंग्रजीचा चाललाय हे मला कळतं, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा प्लंबर फोनवर "आलो" म्हणतो तेव्हा तो अंथरुणात असतो. क्रियापद भूतकाळात, माणूस वर्तमानात आणि येणं भविष्यात, तेही झालं तर. व्याकरणकार याला संनिहित भविष्य असं भारदस्त नाव देतात. त्यांच्याकडचा प्लंबर निराळा असावा. बरं, या 'आलो'लाही पायऱ्या आहेत. "येईन" म्हणजे येणार नाही. "येतो" म्हणजे बघू. "येतोच" म्हणजे आंघोळ व्हायचीय. "आलो" म्हणजे चपला शोधतोय, "आलोच" म्हणजे एकच सापडलीय आणि "पोचलोच" म्हणजे घराला कुलूप लावतोय. भूतकाळ जितका ठासून, तितका माणूस दाराच्या जवळ. निरोप घेणारा पाहुणा "येतो" म्हणत उलट दिशेला चालू लागतो आणि आपण "या" म्हणून दार लावून घेतो. उंदीर पाहून "मेले, मेले!" म्हणून भूतकाळात किंचाळणारी आमची बायको पुढचा अर्धा तास त्याच उंदराचं साग्रसंगीत वर्णन करायला धडधाकट असते. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली, तरी 'तुका म्हणे' चालूच आहे. कुणाचं काही अडत नाही. आजवर एकाही बाईनं प्लंबरला तक्ता दाखवलेला नाही.

अडतं ते इंग्रजीत शिरल्यावर. आपल्याला 'आयएनजी' लावल्याशिवाय क्रियापद उघडं वाटतं. 'आय अॅम हॅविंग टू सन्स', 'आय अॅम नोइंग हिम'. या आयएनजीची सर्वांत बहारदार थट्टा केली ती मुंबईच्याच निस्सिम इझिकेल यांनी. ते बेने इस्रायली, म्हणजे ज्या समाजाची घरची भाषा मराठी. त्यांची मिस पुष्पांच्या निरोप समारंभावरची इंग्रजी कविता म्हणजे आयएनजीची दिवाळी आहे. मीही ती वाचून पोट धरून हसलोय. पण २००३ साली एका अमेरिकन बर्गरवाल्या कंपनीनं 'लव्ह'ला आयएनजी लावून आपलं घोषवाक्य केलं आणि जगभर पाट्या लावल्या. 'लव्ह'ला आयएनजी लावू नये हे आम्हाला छडी मारून शिकवलेलं. बर्गरवाल्यानं लावलं की ती शैली. तालुक्याहून आलेला पोरगा मुलाखतीत 'आय अॅम नोइंग जावा' म्हणाला की टेबलापलीकडचे तिघं एकमेकांकडे बघून गालात हसतात. त्याला जावा चांगली येत असते. आणि त्या हसणाऱ्यांत साहेब एकही नसतो, तिघंही आपलेच. याचा मला मनापासून संताप येतो. साहेब निघून गेला, त्याच्या काळांची राखण आपण करतोय, तीही त्याच्यापेक्षा कडक. अमेरिकन माणूस जेवलास का हे साध्या भूतकाळात विचारतो, इंग्रज परफेक्टमध्ये, आणि दोघंही पोटभर जेवतात.

गेल्या वर्षी आमची आक्का गेली. वाईला जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं जन्म घालवला. घरच्यांनी तिच्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी पान अर्थातच माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'आक्का हॅज टॉट हाफ द टाऊन टु रीड.' वाक्य मला बेहद्द आवडलं. मसुदा न्यू जर्सीला गेला आणि तिथं जन्मलेल्या नातीचा फोन आला.

"आबा, 'हॅज' काढ. नुसतं 'टॉट' कर."

"का गं?"

ती जरा घुटमळली. "ती नाहीये ना आता."

नियम असाच आहे. प्रेझेंट परफेक्टचा कर्ता साधारणपणे हयात लागतो. चॉम्स्कींनी हे आइन्स्टाइनच्या उदाहरणानं दाखवलं होतं: 'आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' हे वाक्य कानाला खटकतं, कारण आइन्स्टाइन १९५५ सालीच गेले. 'हॅज' म्हणायचं तर माणसाला पुन्हा तिथं जाता आलं पाहिजे. आमच्या तक्त्यात ही अट कुणी लिहिली नव्हती. माणूस गेला की त्याच्या क्रियापदामागचा 'हॅज'ही काढून घ्यायचा, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा नीट समजलं. मराठीत आपण "तुकोबांनी सांगितलंय" असं बिनदिक्कत म्हणतो, "आक्कानं शिकवलंय" म्हणतो, आणि ऐकणारा मान डोलावतो. आक्कानं अक्षरं गिरवून घेतलेली माणसं आज वाईच्या बाजारात दुकानं चालवतात, वह्या लिहितात. मग ते शिकवणं संपलं कधी?

हे सगळं मी नातीला इंग्रजीत समजावून सांगायला लागलो, आणि तिसऱ्याच वाक्यात कोणता काळ लावावा ते सुचेना. ती म्हणाली, "आबा, इट्स ओके."

व्याकरण तिचंच बरोबर होतं. पुस्तिकेत 'हॅज' तसाच छापलाय, कारण छपाईचे पैसे मी दिले होते.