कुठेही चालेल!

रविवारी दुपारच्या चहाला कोणीतरी जाहीर करतं, "आज सूनबाईला सुट्टी. बाहेरच जाऊ जेवायला." घोषणा उदार असते आणि ती करणारा बहुधा गॅस कुठल्या बाजूला फिरवून पेटवतात हेही न जाणणारा असतो. पुढचा प्रश्न, जायचं कुठे? त्यावर घर एकमुखानं उत्तर देतं, "कुठेही चालेल."

खरं तर प्रत्येकाचं ठिकाण ठरलेलं असतं, फक्त ते दुसऱ्यानं सुचवायला हवं असतं. आजोबांना शेवटी साधा भात मिळेल असं हॉटेल हवं. आजींना जिना नको. नातवाला नूडल्स हव्यात, नातीला फोटोसाठी बरा उजेड. आत्याचा चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण बंद. आत्याचे यजमान, अर्थात घरचे जावईबापू, मासे खाणारे. पण सासुरवाडीत ते नेहमी "माझं काय, मी काहीही खातो" असं म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात.

त्यांचं खिडकीबाहेर बघणं समजण्याजोगं आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातून दर महिन्याची संकष्टी आणि दोन एकादश्या वजा, श्रावण आख्खा वजा. एवढ्या गाळणीतून उतरलेला एखादा मोकळा रविवार हाती लागावा, तर त्या दिवशी नेमकी आत्या सोबत असते. मतदान होतं आणि सुरमई पडते.

एके काळी हा वादच नव्हता. मुंबईत खाणावळी निघाल्या त्या एकट्या पुरुषांसाठी. बायकामुलं गावी ठेवून आलेला गिरणीकामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचा, आणि ती खाणावळ बहुतेकदा चाळीतल्या एखाद्या बाईच्या चुलीवर चालायची. अशा खाणावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. दाक्षिणात्य नोकरदारांसाठी माटुंग्याला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली सुरू झालं. इराण्याकडे बाईमाणसाला घेऊन जायचं तर पडद्याआडची नाहीतर पोटमाळ्यावरची 'फॅमिली रूम' असायची. म्हणजे बाई खाद्यव्यवसायात होती ती एकतर रांधायला, नाहीतर पडद्यामागे. तिथून बाहेरच्या टेबलावर येऊन बसायला तिला काही दशकं लागली. आणि बसल्याबरोबर तिनं काय केलं, तर सगळ्यांना वाढायला घेतलं!

पण त्याआधी टेबल मिळायला हवं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली असो की दादरचं आस्वाद, रविवारी दारात माणसं असतातच. रांगेत उभं राहिलं की मराठी माणसाला दुसऱ्याच्या ताटात डोकावायचा परवाना मिळतो. "ते बघ, त्यांचं ताक आलं, आता उठतील." "छे, पुन्हा मेन्यू मागवला त्यांनी. काय माणसं असतात!" हेच कुटुंब अर्ध्या तासानं त्या खुर्च्यांवर बसेल, तेव्हा पाठीशी उभ्या असलेल्यांची त्याला अजिबात घाई वाटणार नाही. वेळ घालवायला नात फोनवरून माहिती पुरवते, की २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत आस्वादची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली होती. आजी विचारतात, "म्हणून तिखट कमी केलं का त्यांनी?"

अखेर टेबल मिळतं. वेटर येतो आणि पहिल्याच प्रश्नात घराची दोन शकलं करतो, "साधं पाणी की बिसलेरी?" आजोबा पिशवीतून घरची बाटली काढून टेबलावर आपटतात. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन पाणी पिणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. हॉटेलवाले बाटलीसोबत सेवाही देतात, म्हणून त्यांनी छापील किमतीहून जास्त घेतलं तरी चालतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. हे आजोबांना ठाऊक आहे. ते न्यायालयाचा मान राखतात आणि पाणी घरचं पितात.

मग मेन्यूकार्ड. पूर्वी ते उजवीकडून, किमतीच्या बाजूनं वाचलं की पुरायचं. २०२२ पासून मोठ्या साखळी हॉटेलांना प्रत्येक पदार्थापुढे कॅलरीही छापाव्या लागतात. त्यामुळे अशा ठिकाणी मुलगा किमती वाचतो, आत्या कॅलरी वाचते आणि पदार्थांची नावं वाचायला कोणी उरत नाही. आत्या एकेक आकडा मोठ्यानं सांगते, जणू प्रत्येक पदार्थावर दंड बसवायचा आहे. सूनबाई मनातल्या मनात तिसराच हिशेब करत असते. एवढ्या पैशांत घरी किती पनीर येईल, आणि यांच्या वाटीत तुकडे किती असतील?

आठ पानी कार्ड दोनदा वाचून झालं, वेटर तीनदा येऊन गेला, की जी ऑर्डर निघते ती मागच्या वेळचीच असते. टोमॅटो सूप दोनात तीन, मसाला पापड, पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, दाल फ्राय, तंदुरी रोटी, जीरा राइस. आत्यासाठी कांदा-लसूण न घालता काहीतरी, आणि हे 'काहीतरी' वेटरला समजावून सांगण्यात सूप गार होतं. त्यात व्हेज कोल्हापुरीनं कोल्हापूरकरांचा जेवढा अपमान केला असेल तेवढा कोणत्याही शत्रूनं केला नसेल. ज्या गावाची ओळख तांबडा-पांढरा रस्सा, त्याच्या नावावर फ्लॉवर आणि गाजर लाल ग्रेव्हीत बुडवून खपवायचं! जावईबापू ती भाजी मूकपणे घेतात. नावात तरी कोल्हापूर आहे.

नातवासाठी मात्र मंचुरियन ठरलेलं. या पदार्थाचा मंचुरियाशी काही संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आचारी होते. १९७५ साली एका पाहुण्यानं काहीतरी नवं मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या आपल्याकडच्याच वाटणात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरनं दाटपणा आणला आणि त्यात कोंबडीचे तुकडे सोडले. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबी आला, आणि मंचुरियन लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचलं. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "म्हणजे आपलीच कोबीची भजी की ही, रश्शातली!" या एका वाक्यात त्यांनी चर्चगेटच्या त्या क्लबपासून घरच्या कढईपर्यंतचा इतिहास उरकलेला असतो.

जेवण येतं. वेटर वाढायला वाकतो, तर सूनबाईच्या हातात डाव आधीच गेलेला असतो. भाजी कितपत तिखट आहे हे ती आधी चाखते, कारण नात रडेल. मंचुरियनचे तुकडे ती मोजून वाटते, कारण नातू भांडेल. रोटी आजोबांना मऊ, मुलाला कडक. आजींच्या भातावर डाळ, पण वरचं तेल बाजूला सारून. कोणाची वाटी रिकामी, कोणाला लिंबू हवं, कोणाच्या सदऱ्यावर डाग पडला, सगळं तिला टेबलाच्या एका टोकाकडून दिसतं. तिची स्वतःची रोटी एव्हाना पापडासारखी मोडायला लागलेली असते. "तू घे ना गं काहीतरी," असं सगळे म्हणतात, आणि म्हणता म्हणता आपली ताटं पुढे करतात.

बडीशेपेबरोबर बिल येतं आणि जेवणापेक्षा रंगलेला भाग सुरू होतो. पूर्वी यात शारीरिक बळ लागायचं. एकानं बिल ओढायचं, दुसऱ्यानं मनगट धरायचं, तिसऱ्यानं वेटरच्या खिशात परस्पर नोट कोंबायची. २०१६ साली यूपीआय आलं आणि या खेळातली कुस्ती संपली, हेरगिरी सुरू झाली. जावईबापू हात धुवायचं निमित्त करून उठतात, गल्ल्यावरचा कोड स्कॅन करतात आणि मिशीत हसत परत येतात. आजोबांच्या चेहऱ्यावर अपमान उमटतो. जावयानं पैसे द्यायचे? लोक काय म्हणतील? आत्या खूश, आजी नाराज, मुलगा "अहो, मी देणारच होतो" हे वाक्य चढत्या आवाजात तीनदा म्हणतो.

उरलेला राग आजोबा बिलावर काढतात. अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा जीएसटी, तो मान्य. पण खाली दहा टक्के सेवा शुल्क? खिशातून कात्रण निघतं. हे शुल्क सक्तीनं लावू नये, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. व्यवस्थापक येतो, कात्रण वाचतो, रक्कम परत करतो. आजोबा विजयी मुद्रेनं उठतात. दारात वेटर "काका, सांभाळून, पायरी आहे" म्हणत हात धरतो, आणि परत मिळालेली सगळी रक्कम आजोबा त्याच्या हातावर ठेवतात. सूनबाई तेवढ्यात उरलेलं मंचुरियन काळ्या डब्यात बांधून घेते. डबा घासून पुढे वर्षभर वापरता येतो.

घरी पोचल्यावर दहा मिनिटांनी आजोबा खाकरतात. "थोडा भात आहे का गं? दह्याबरोबर." भात अर्थातच नसतो, कारण आज सुट्टी. कुकर चढतो. वासानं मुलगा येतो, मेतकूट शोधायला आत्या येते, आणि जावईबापू लोणच्याची बरणी उघडून बसतात. हॉटेलात दोन घासांत पोट भरलेले सगळे दिवाणखान्यात दहीभात ओरपत असताना सूनबाई ओट्याशी उभी राहून काळा डबा उघडते.

"आई, मंचुरियन उरलं होतं ना?" आतून नातू ओरडतो.

"संपलं," तोंडात घास असला तरी उत्तर अगदी स्पष्ट येतं.