आठशेबारा

तुमच्या ओळखीतही एक असतोच. आमच्या भिवंडीतल्या नमुन्याचं खरं नाव लोक विसरलेत. धामणकर नाक्यावर त्यांना ‘आठशेबारा’च म्हणतात. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० असतो आणि आपला ८१२ आहे, हे त्यांनी बारशाला, साखरपुड्याला आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगितलंय.

दुकानदाराने ‘हप्त्यावर देऊ का?’ विचारलं की हे दोन पावलं मागे. ‘नको, एन्क्वायरी लागेल!’ कर्जासाठी अर्ज केला की बँक आपला रिपोर्ट मागवते, ती हार्ड एन्क्वायरी. असे लागोपाठ अर्ज झाले की स्कोअर घसरतो. आपला स्कोअर आपणच पाहिला तर ती सॉफ्ट, काही बिघडत नाही. हे कळल्यापासून कुणी नुसती तब्येत विचारली तरी गृहस्थ विचारतात, ‘हार्ड का सॉफ्ट?’

स्कोअर टिकवायचा तर क्रेडिट कार्डाच्या लिमिटच्या तीस टक्क्यांत राहावं म्हणे. म्हणून मुलीच्या बस्त्याला शालू घेऊन उठले. मानपानाच्या साड्या पुढचं बिल भरल्यावर! विहीणबाई अजून बोलत नाहीत. बँका पूर्वी सिबिलला महिन्याला माहिती पाठवायच्या, १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला पाठवू लागल्या. तेव्हापासून महिन्याला दोन जागरणं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मूर्तिजापुरात मुलाचा सिबिल खराब निघाला म्हणून ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी आली, तर यांनी पेढे वाटले. ‘छत्तीस गुणांना आता विचारतो कोण?’

आणि हा माणूस राहतो कुठे, तर भिवंडीत! इथे सूत उधार, ग्रे कापड उधार, दलालाच्या नुसत्या शब्दावर लाखांचा माल हलतो. त्यातलं अक्षरही सिबिलमध्ये नसतं.

पद्मानगरात एक मावशी भिसी चालवतात, म्हणजे माग चालवणाऱ्या कामगारांची खाणावळ. पोरं दोन वेळा जेवतात, पगार झाला की हिशेब. मुलुखाला गेलेला पोरगा परत आला की आधी मावशींचं भागवतो. मावशींनीही वाण्याचं कधी थकवलं नाही. फ्रीज आणि मोठ्या शेगडीसाठी त्यांनी बँकेत कर्ज मागितलं, तर रिपोर्टात ‘मायनस वन’. खराब नव्हे, जन्मात कर्जच घेतलं नाही, म्हणून इतिहासच कोरा. आठशेबारा भिसीत ताटावर बसून तो कागद उलटसुलट बघत राहिले.

‘मावशी, रेकॉर्डप्रमाणे तुम्ही नाहीच!’

‘मग भात कोण वाढतंय?’

त्यानंतर हे स्वतः मावशींना घेऊन बँकेत गेले आणि जामीन राहिले. जामीनदाराच्या रिपोर्टातही ते कर्ज चढतं, हप्ता चुकला तर त्याचाही स्कोअर पडतो, हे नाक्यावर आम्हाला इतकी वर्षं ऐकवत होतं कोण? सही करताना मात्र हार्ड का सॉफ्ट, काही विचारलं नाही. स्कोअर आठशेचारवर आलाय. नाव आम्ही बदललेलं नाही.

तुम्हीही आपला रिपोर्ट बघा. २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. फक्त धामणकर नाक्यावर उघडू नका.