दहा मैलांवरचा वैरी

चॅपल हिलचा खरा भक्त ओळखायचा असेल, तर त्याच्यासमोर ड्यूकच्या माजी बास्केटबॉल कोचची स्तुती करू नये. स्तुती केलीत तर तो तुम्हाला अडाणी समजून सोडून देतो. त्याऐवजी कोचला एखादी शिवी द्यावी, आणि ती जरा चुकीची द्यावी. म्हणजे असं म्हणावं, की ‘त्या माणसाला येत होतं काय? देशभरातली उत्तम पोरं आयती मिळायची, झालं.’ भक्ताच्या हातातला बिअरचा ग्लास तत्काळ टेबलावर येतो. ‘थांबा,’ तो म्हणतो. ‘ढोंगी म्हणा. रड्या म्हणा. पंचांना तो जे बोलायचा ते चर्चमध्ये सांगता येणार नाही, तेही म्हणा. पण त्याला येत नव्हतं असं म्हणू नका. अंगाला चिकटून बचाव करायला त्याच्यासारखं शिकवणारा या देशात दुसरा...’ इथे तो अडखळतो, आजूबाजूला कोणी ऐकलं तर नाही ना बघतो, आणि वाक्य तसंच टाकून आणखी चिकन विंग्ज मागवतो.

आपल्या वैऱ्याला दुसऱ्या कोणी अज्ञानातून शिवी दिलेली त्याला खपत नाही. अचूक शिवी देण्याचा मान त्याने चाळीस वर्षं मेहनत करून मिळवलेला असतो.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिल आणि डरॅम ही दोन गावं एकमेकांपासून जेमतेम दहा मैलांवर आहेत. चॅपल हिलला राज्याचं सरकारी विद्यापीठ. तिथे 1795 पासून वर्ग भरतात. डरॅमला ड्यूक, खासगी, महागडं, आणि तंबाखूच्या पैशावर वाढलेलं. दोघांचा रंग निळाच, फक्त चॅपल हिलचा आकाशी आणि ड्यूकचा गडद. बांधाला बांध लागलेल्या भाऊबंदांचं जे होतं, तेच कॉलेज बास्केटबॉलमध्ये या दोघांचं झालेलं आहे. तिऱ्हाइताशी इतकं मनापासून वैर करता येत नाही.

मी राहतो केरीला, म्हणजे दोन्हींपासून सारख्याच सुरक्षित अंतरावर. माझं दोन्हीकडे काही देणंघेणं नाही, त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. त्यातला ड्यूकवाला मला कधी फारसा रंजक वाटला नाही. जिंकणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं असतं काय? चॅपल हिलच्या भक्ताचं मात्र तसं नाही.

वय साठीच्या आसपास. चॅपल हिलला तो शिकलेला असेलच असं नाही. राज्यात कर भरतो म्हणजे विद्यापीठ आपलंच, हा त्याचा हिशेब. पिकअपच्या मागच्या काचेवर संघाची खूण, डांबर लागलेल्या टाचेचं स्टिकर. कपाटात गडद निळा शर्ट नाही. लग्नाचा सूट होता, तो करडा. ड्यूकमध्ये राज्याबाहेरची मुलं फार, म्हणून त्या संस्थेला तो ‘न्यू जर्सी विद्यापीठ, डरॅम शाखा’ म्हणतो. हा विनोद त्याच्या आधी लाखभर लोकांनी केलेला आहे, पण सांगताना त्याच्या चेहऱ्यावर तो आत्ताच सुचल्याचा आनंद असतो.

आणि वैरी म्हणजे माइक शशेफ्स्की. शिकागोच्या पोलिश कुटुंबातला, वडील लिफ्ट चालवणारे, आई फरशा पुसणारी. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये व्यंजनांची इतकी दाटी, की ड्यूकवाल्यांनी पहिल्या अक्षरावरच भागवलं आणि त्याला ‘कोच के’ करून टाकलं. पूर्ण स्पेलिंग न चुकता येतं ते आमच्या भक्ताला. वृत्तपत्राला तक्रारीची पत्रं लिहिणाऱ्याला नाव बरोबर लिहावंच लागतं.

कोच के ड्यूकला आला 1980 साली. पहिल्या तीन मोसमांचा इतिहास भक्ताला तोंडपाठ आहे: सतरा विजय-तेरा पराभव, मग दहा-सतरा, मग अकरा-सतरा. 1983 साली व्हर्जिनियाकडून एका सामन्यात 43 गुणांनी मार खाल्ला. ड्यूकचे देणगीदार त्याला हाकला म्हणत होते. तिथल्या क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी ऐकलं नाही. उलट पुढच्याच वर्षी करार वाढवून दिला. बटर्स यांचं नाव भक्त ज्या सुरात घेतो त्या सुरात आपल्याकडे पानिपतातल्या चुका सांगतात. ‘एक सही! ती एक सही केली नसती तर...’ मग जरा थांबतो. त्याला आठवतं की 1965 साली चॅपल हिलच्या पोरांनी स्वतःच्याच कोचचा, डीन स्मिथचा, पुतळा झाडाला फासावर लटकवला होता. पुढे त्याच डीन स्मिथच्या नावाने तिथे स्टेडियम उभं राहिलं. ‘धीर धरायला अक्कल लागते,’ तो पुटपुटतो. ही अक्कल नेमकी कोणाची, ते नाव तो घेत नाही.

डीन स्मिथ हे त्याचं दैवत. दैवत 1997 साली निवृत्त झालं तेव्हा खात्यावर 879 विजय होते, तेव्हाचा विक्रम. कोच के थांबला 1202 वर. भक्त या आकड्याची वजाबाकी करायला बसतो ते दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. आधी आर्मीच्या संघाचा कोच असतानाचे 73 जातात. ‘ते ड्यूकचे नव्हेतच.’ मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घरी बोलावून हरवलेली कच्ची कॉलेजं जातात. मग पंचांच्या कृपेने मिळालेले, ज्यांची यादी त्याच्याकडे तारखेनिशी तयार आहे. असं करत करत तो मोठ्या कष्टाने नऊशेपर्यंत खाली येतो, आणि मग लक्षात येतं की हे अजूनही 879 पेक्षा जास्तच आहेत. विषय हवामानाकडे वळतो.

अजिंक्यपदांचा हिशेब त्याला जास्त आवडतो, कारण तिथे बरोबरी आहे. कोच केच्या 42 मोसमांत ड्यूकची राष्ट्रीय अजिंक्यपदं पाच: 1991, 1992, 2001, 2010, 2015. त्याच काळात चॅपल हिलचीही पाच: 1982, 1993, 2005, 2009, 2017. ‘पाचास पाच!’ तो बोटं दाखवतो. एकदा मी सहज विचारलं, की त्या काळात तुमचे कोच किती झाले? त्याने मनातल्या मनात मोजलं. स्मिथ, गथ्रिज, डोहर्टी, विल्यम्स, डेव्हिस. ‘तेही पाच,’ तो म्हणाला आणि बोटं खिशात घातली.

तक्रारींची वही मात्र जाड आहे. ड्यूकची पोरं बचावाला उभी राहताना दोन्ही हातांनी जमिनीवर थापा मारतात, तो नाटकीपणा. कोचचे केस सत्तरीतही काळेभोर, त्याबद्दल एक सविस्तर सिद्धांत. चेहऱ्याला धान्य कुरतडणाऱ्या एका प्राण्याची उपमा. ती मी इथे देत नाही, पण तिचे टी-शर्ट निघालेले आहेत. 1984 साली या नवख्या गृहस्थाने जाहीरपणे म्हटलं होतं, की या लीगमध्ये एक न्याय डीन स्मिथला आणि दुसरा बाकीच्यांना आहे. ते वाक्य भक्ताच्या काळजात अजून रुतलेलं आहे. पुढे ड्यूक जिंकायला लागलं तेव्हा हेच वाक्य त्याने उचललं, ड्यूकच्या विरोधात फिरवलं आणि तेव्हापासून रोज वापरतो. ज्याची वस्तू त्याला श्रेय द्यायची पद्धत या खेळात नाही.

2007 सालच्या मार्चमध्ये ड्यूकच्या खेळाडूचं कोपर लागून चॅपल हिलच्या टायलर हान्सब्रोच्या नाकातून रक्ताची धार लागली, त्याचा फोटो काहींनी फ्रेम करून लावला आहे. पुरावा म्हणून.

2004 सालचा उन्हाळा हा भक्ताच्या आयुष्यातला सर्वांत आशेचा काळ. लॉस एंजेलिस लेकर्सनी कोच केला बोलावलं. पाच वर्षांचे चार कोटी डॉलर. चॅपल हिलमध्ये त्या दिवसांत जितक्या लोकांनी त्या माणसाचं भलं चिंतलं तितकं ड्यूकच्या प्रार्थनामंदिरातही कोणी चिंतलं नसेल. ‘त्याने जायलाच हवं. माणसाने मोठं व्हावं.’ तो गेला नाही. भक्ताला प्रचंड राग आला; आणि त्या रागाच्या मागे, मला स्पष्ट दिसलं, सुटकेचा एक श्वासही होता. नंतर म्हणाला, ‘पैशासाठी जाणाऱ्यांतला नाही तो. हलकट आहे, पण त्यांतला नाही.’

या आजाराची लागण आमच्या मराठी मंडळींतही झालेली आहे. रॉली, केरी, मॉरिसव्हिलकडे सॉफ्टवेअर आणि औषधांच्या कंपन्यांमुळे मराठी घरं पुष्कळ. त्यातले जे चॅपल हिलमध्ये शिकले ते जन्मजात भक्तांपेक्षा कडवे. अशा एका घरी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकचा अंतिम सामना चालू होता. अमेरिकेच्या संघाचा कोच तोच, शशेफ्स्की. चार वर्षांपूर्वी अथेन्सला कांस्यावर समाधान मानावं लागलेल्या संघाला त्याने वळण लावलेलं, समोर स्पेन, इथे घड्याळात अपरात्र.

‘अहो, हळू ओरडा, पोरं झोपलीत,’ वहिनी आतून आल्या. ‘आणि हा तोच ना, ज्याला तुम्ही जेवताना शिव्या देता?’

‘आज तो देशाचा आहे.’

‘आणि उद्या?’

‘उद्या सकाळी उठल्यापासून पुन्हा त्यांचा.’

अमेरिका 118–107 अशी जिंकली. पुढे लंडन आणि रिओलाही सुवर्ण. तीन ऑलिंपिकं म्हणजे भक्तासाठी तीन दीर्घ नैतिक पेच. ते त्याने संघाला टाळ्या वाजवून आणि कोचचा उल्लेख ‘बाकावरचे गृहस्थ’ असा करून पार पाडले. याच घरातली मुलगी पुढे ड्यूकला गेली. फीच्या आकड्याचं दुःख करायला वडिलांना मोकळीक होती, आणि त्या दुःखाआड दुसरंही लपून गेलं.

एकदाच मात्र भक्ताची भाषा पार बदललेली मी ऐकली. 2015 च्या फेब्रुवारीत डीन स्मिथ गेले. अकरा दिवसांनी ड्यूकच्या कॅमेरून स्टेडियममध्ये सामना होता. 1940 सालची ही वास्तू, नऊ हजारांच्या आसपास आसनं, आणि अंगाला निळा रंग फासून आलेले विद्यार्थी, जे एरवी पाहुण्या संघाच्या आजीचीही गय करत नाहीत. त्या संध्याकाळी दोन्ही संघांचे खेळाडू आणि कोच मैदानाच्या मधोमध, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, गुडघ्यावर बसले. गडद आणि आकाशी एकाआड एक. सगळं स्टेडियम गप्प.

‘त्या दिवशी मी त्याला एक शब्द बोललो नाही,’ भक्त सांगतो. ‘पंचाने चेंडू वर टाकेपर्यंत.’ ड्यूक जादा वेळेत 92–90 ने जिंकलं, त्यामुळे नंतरचे शब्द बरेच साठले असणार.

मग आलं 2022. कोच केने हा शेवटचा मोसम असं आधीच जाहीर केलेलं. निरोपाचं वर्षभर कौतुक, सत्कार, भेटवस्तू. भक्ताच्या पित्ताला हे सगळं फार जड गेलं. 5 मार्चला कॅमेरूनमधला त्याचा अखेरचा सामना, समोर चॅपल हिल, माजी खेळाडू शंभराच्या घरात जमलेले. चॅपल हिलने 94–81 असा तो समारंभ उधळून लावला. त्यानंतर कोच केने माइक घेतला आणि स्वतःच्याच लोकांना सांगितलं, की आज जे झालं ते मान्य होण्यासारखं नाही. भक्ताने हे टीव्हीवर पाहिलं. ‘सबब सांगितली नाही,’ तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा, जास्तच वैतागून: ‘साला, सबब सांगितली नाही!’ वैऱ्याने अशा प्रसंगी रडावं, चिडावं, पंचांवर घसरावं, एवढी साधी अपेक्षा. तीही पुरी केली नाही.

महिन्याभराने, 2 एप्रिलला, न्यू ऑर्लिन्समध्ये दोन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोरासमोर आले. त्या स्पर्धेत दोघांची ही पहिलीच गाठ. चॅपल हिलच्या केलेब लव्हने 28 गुण केले, अखेरच्या अर्ध्या मिनिटात एक थ्री-पॉइंटर मारला, आणि 81–77 वर कोच केची कारकीर्द संपली. चॅपल हिलच्या फ्रँकलिन स्ट्रीटवर माणसांचा पूर. भक्ताला त्या रात्रीचा एकेक फाउल आठवतो. दोन दिवसांनी अंतिम सामना झाला, त्यात चॅपल हिल मध्यंतराला पंधरा गुणांनी पुढे असूनही कॅन्ससकडून 72–69 असं हरलं. त्याबद्दल मी त्याला विचारलं.

‘सोमवारी?’ तो म्हणाला. ‘सोमवारी मॅच होती का?’

पण वैरी निवृत्त झाल्यावर माणसाने करायचं काय, याची तयारी त्याने केलेली नव्हती. ड्यूकच्या खुर्चीवर आला जॉन शायर, कोच केचाच जुना खेळाडू, 2010 च्या अजिंक्य संघातला. नीटनेटका, मृदू, वयाने तरुण. भक्ताने पहिल्या वर्षी प्रामाणिक प्रयत्न केले. टोपणनाव शोधलं, ते चिकटलं नाही. केसांत काही सापडलं नाही. ‘चांगला मुलगा आहे हो,’ तो हताशपणे म्हणायचा. पूर्वी टीव्हीवर ड्यूकचा सामना लागला की तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. आता पाठ टेकतो. मधेच उठून भांडी घासतो. बायकोने डॉक्टरांना विचारलं.

2025 च्या एप्रिलमध्ये ड्यूक उपांत्य फेरीत ह्यूस्टनविरुद्ध खेळत होतं. उत्तरार्धात चौदा गुणांची आघाडी होती. आम्ही चौघंपाचजण बघत होतो, त्यात एक ड्यूकवालाही होता. भक्त सुरुवातीपासून ह्यूस्टनला टाळ्या देत होता, रीतीप्रमाणे. शेवटच्या दोन मिनिटांत आघाडी विरघळायला लागली तसा तो पुढे सरकला. चेंडू हातातून सुटला, एक मूर्ख फाउल झाला, ह्यूस्टन 70–67 ने जिंकलं. चॅपल हिलच्या माणसाने खरं तर टेबलावर चढून नाचायचं होतं. तो उठला, टीव्हीसमोर उभा राहिला आणि लालबुंद होऊन ड्यूकवाल्याकडे वळला.

‘हे काय चालवलंय तुम्ही लोकांनी? शेवटच्या मिनिटात चेंडू असा टाकतात? त्याने बाकावर बसवला असता एकेकाला! खेळच विसरलात सगळे, तो गेल्यापासून!’

ड्यूकवाला बिचारा मान खाली घालून ऐकत होता.