संसार सांभाळून सायकल शर्यत : घाटंजी तालुक्यातल्या नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

नोकरी, चार एकर शेती, शाळेत जाणारी दोन मुलं, एक म्हैस, आणि एवढं असूनही सायकल शर्यतीत उतरायची हौस, असा ज्यांचा कारभार आहे त्यांच्यासाठी. ज्यांच्याकडे म्हैस नाही त्यांनी तिच्या जागी आपापला व्याप धरावा. शर्यत जिंकून देण्याची हमी आम्ही घेत नाही. शर्यतीहून परतल्यावर घराचं दार उघडेल, एवढंच पाहिलं आहे.

सगळ्या पाठांच्या मुळाशी एकच सूत्र आहे, ते आधी घोकून घ्या. सायकलवर जाणारा वेळ तुमचा नसतो, तो उसना असतो. पहाटेचा असेल तर बायकोकडून घेतलेला, संध्याकाळचा असेल तर मुलांच्या अभ्यासातून उचललेला, रविवारचा असेल तर बाबांच्या वाट्याचा. उसनवारी करायला हरकत नाही. विचारून करावी आणि मागायला येण्याआधी फेडावी.

पाठ १ : शर्यत निवडणे

मुंबई–पुणे सायकल शर्यतीसारख्या जुन्या शर्यती मनातून काढून टाका. तिथे बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि तो राजा लहानपणापासून दुसरं काही करत नसतो. तुम्ही फार तर गिरणीच्या रांगेतले राजे.

संसारी माणसाला मानवतो तो ब्रेव्हे नावाचा फ्रेंच प्रकार. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे. चारही एका हंगामात केले की ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात. या घराण्याचा मोठा सोहळा म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. तो १८९१ साली सुरू झाला. आता दर चार वर्षांनी भरतो, अंतर १२०० किलोमीटर आणि कमाल मुदत ९० तास. समजा नागपूरला उतरायचं ठरवलं. म्हणजे पहाटेच्या सुरुवातीसाठी आदल्या दिवशीच तिथे मुक्कामाला जावं लागतं आणि उसनवारी एका रात्रीने वाढते.

२०० किलोमीटरला साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. मात्र या हिशेबात चहा, पंक्चर आणि घरून आलेले फोन सगळं धरलेलं असतं. नियमाप्रमाणे ही शर्यत नव्हे, कारण यात नंबर काढत नाहीत. गावात सगळे शर्यतच म्हणतील. वाद घालू नका, तेवढ्यात दोन किलोमीटर होतात.

पाठ २ : आदर्श कोणाचा ठेवावा

नवशिक्याला आदर्श लागतो. आपल्याकडे दोन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार माणसांचा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरवरची शर्यतही ते पार करून आले. तिघेही डॉक्टर, म्हणजे ‘कामातून सवड होत नाही’ ही सबब यापुढे बाद.

पण ‘एकट्याने’ या शब्दाला भुलू नका. त्या शर्यतीत एकट्या स्वाराच्याही मागेपुढे गाड्या असतात, आणि त्यांत खाणं भरवणारी, रस्ता सांगणारी, झोप मोजणारी माणसं असतात. तुमच्याही मागे अशी माणसं आहेतच. ती घरात राहतात, त्यांनी कुठल्याही अर्जावर सही केलेली नाही आणि त्यांना टी-शर्ट मिळत नाही.

दुसरा प्रकार वाघाचा. आपल्या आणि पांढरकवडा तालुक्यात पसरलेल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. तो चालत सुटला तो तेलंगणात डोकावून, विदर्भातले जिल्हे ओलांडून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरवर एकूण तीन हजार किलोमीटरहून जास्त चाल नोंदली गेली. ‘वॉकर’ या नावाने त्याची ख्याती झाली. तालुक्याचा खरा लांब पल्ल्याचा खेळाडू तोच. मात्र त्याचा आदर्श ठेवू नये. त्याच्या मागे ‘येता येता दळण घेऊन या’ म्हणणारं कोणी नव्हतं. तो जोडीदारीण आणि हद्द शोधायला निघाला होता, तुम्हाला दोन्ही आधीच मिळालेल्या आहेत.

पाठ ३ : साहित्य

सायकल : गिअरची, अंगाला बसणारी. किंमत कोणालाही सांगू नये. सांगितलीच तर समोरचा पाच सेकंद गप्प राहील आणि म्हणेल, “एवढ्यात सेकंडहँड मोटारसायकल आली असती भाऊ.” यावर उत्तर नाही. विद्वानांनीही शोधलेलं नाही.

पंप : स्वतःचा. रस्त्याच्या सायकलीच्या ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व असतो, त्यावर चौकातल्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही. पितळेचा छोटा अॅडॉप्टर मिळतो, ते दोन घ्यावेत. एक पोरं हरवतात.

जादा ट्यूब : दोन. आपल्याकडे सराटा आणि बाभूळ यांनी रस्त्याची कड वाटून घेतली आहे. टायर बदलताना आतून बोट फिरवून काटा निघाला की नाही ते बघा, नाहीतर नवी ट्यूबही त्याच काट्याला वाहाल.

हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जाकीट : यात विनोद करू नये. रात्रीच्या ब्रेव्हेला दिवे आणि जाकीट सक्तीचेच असतात.

चड्डी : आत गादी शिवलेली, मांडीला चिकटणारी. तिच्या आत दुसरं काही घालत नाहीत, घातलं तर शिवण घासते. गावाबाहेर पडेपर्यंत वरून साधी पँट चढवावी. चड्डी वाळत घालायची जागा घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवावी. अंगणातली तार ही ती जागा नव्हे.

खाऊ : पाकिटातलं महागडं जेल शोधू नका. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. ती केळी, गूळ-शेंगदाणे आणि साखर घातलेल्या दशमीतून जातात. पाण्यात मीठ-साखर-लिंबू. खर्रा हा खाऊत धरलेला नाही.

पाठ ४ : वर्षाचं वेळापत्रक

पुस्तकं सांगतात, हंगामाला अनुसरून सराव करा. कोणता हंगाम ते सांगत नाहीत. आपल्याकडे तो असा :

जून : मृग. पेरणी. सायकल भिंतीला टेकवा आणि तिच्याकडे बघू नका. बघितलेलं बाबांना कळतं.

जुलै–ऑगस्ट : डवरणी, निंदण, फवारणी. डांबरी रस्ता सोडून पांदण धरली तर काळी माती चाक आणि ब्रेकच्या मध्ये भरते, आणि मग सायकल तुमच्या खांद्यावर बसून सराव करते. शेजारच्या शेतात फवारणी चालू असेल तर तिथून दम लागेपर्यंत पायडल मारू नका, रस्ता बदला. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

पोळा आणि तान्हा पोळा : सुट्टी. बैल सजतात, त्या दिवशी तुमची सायकलही पुसून घ्या. तिला ओवाळायला मात्र कोणाला सांगू नका.

ऑक्टोबर : सोयाबीन. मळणीयंत्राचा नंबर रात्री अकराला लागतो. त्या आठवड्यात पहाटेचा सराव धरू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : इथे जिवाला जपून वाचा. ब्रेव्हेचा नवा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो. हवा थंड, आभाळ निरभ्र, वर्षातले सायकलीसाठी सगळ्यात चांगले महिने हेच. आणि नेमक्या त्याच महिन्यांत कापूस फुटतो. सीतादही झाली की वेचणी सुरू. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते, म्हणून संध्याकाळी शेतात काटा धरायला घरचं, हिशेबाचं माणूस लागतं. ते माणूस तुम्ही आहात. त्यातच हरभऱ्याच्या ओलिताला वीज रात्रीची येते. फ्रेंच लोकांनी हे नियम केले तेव्हा पऱ्हाटीचा विचार केला नव्हता. तडजोड तुम्हालाच करायची आहे : हंगामात २०० आणि ३०० यांच्यावर समाधान, ४०० आणि ६०० चं नाव वेचा संपल्यावर.

मार्च ते मे : ऊन आणि लग्नं. पारा ४५ अंशांकडे जातो. पहाटे चारला निघून आठच्या आत घरी. लग्नाला मात्र सायकलवर जाऊ नका, नवरीकडची माणसं तुमच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करतील.

पाठ ५ : वेळ उसना घेण्याची कृती

१. तारीख महिनाभर आधी सांगा. आदल्या रात्री सांगितलेली तारीख ही माहिती नसते, भांडण असतं.

२. ‘दोन तासांत येतो’ म्हणायचं असेल तर तीन सांगा आणि अडीचला या. उलटं केल्यास पुढच्या वेळी तासाला व्याज लागतं.

३. दूध, दळण, औषध, बँक ही कामं सरावात गुंफा. यवतमाळला काम निघालं तर बसची वाट बघू नका, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर घडतात. मात्र साहेबाच्या टेबलासमोर घामेजून उभे राहू नका, सदरा पिशवीत वेगळा ठेवा.

४. लांब सरावाच्या दुपारी झोपू नका. पाय दुखले तरी ‘दुखतात’ म्हणू नका. ज्याने स्वतःच्या हौसेने दोनशे किलोमीटर तुडवले, त्याचे पाय घरात दुखत नसतात.

५. फेड वस्तूंत करू नये, वेळेतच करावी. तुम्ही रविवार घेतला असेल तर पुढचा रविवार घरच्यांचा. त्या दिवशी पोरांना शिकवणं, आईला दवाखान्यात नेणं आणि बायकोला माहेरी पोचवून तिथून लगेच परत न येणं, ही तिन्ही कामं सरावातच मोजावीत.

पाठ ६ : रस्त्यावर

कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे वारा कमी लागतो. तरीही तिथे जाऊ नका. त्याला मागचे दिवे असतीलच असं नाही, आणि दोन्ही बाजूंनी फुगलेली ट्रॉली पुढचं काही दिसू देत नाही.

ओळखीचे लोक गाडी थांबवून विचारतील, “काहून भाऊ, पेट्रोल संपलं का?” काही जण दया येऊन म्हणतील, “बस मांगं, सोडतो.” नम्रपणे नको म्हणा. ‘व्यायाम’ म्हणालात तर ते शेतात कुदळ मारायला बोलावतील. ‘डॉक्टरनं सांगितलं’ हे उत्तर तालुकाभर चालतं, पण दोन दिवसांनी विचारपूस करायला घरी पाहुणे येतात.

चढावर गिअर आधी हलका करा, पाय अडकल्यावर नव्हे. पायडलचे मिनिटाला ऐंशी फेरे बसावेत, जोर गुडघ्यावर येऊ देऊ नका. गुडघे वेचणीलाही लागणार आहेत.

शंका-समाधान

शंका : ब्रेव्हेत घरच्यांनी गाडी घेऊन मागे आलं तर चालतं का?
समाधान : नाही. मदत घ्यायची तर नेमून दिलेल्या थांब्यांवरच. घरच्यांना हा नियम वाचून दाखवा, ते मनापासून आनंदतील.

शंका : अर्ध्यातून सोडावं लागलं तर?
समाधान : गावात सांगायला पंक्चर पुरेसं आहे. घरी खरं सांगा, पुढचा उसना वेळ त्यावरच मिळतो.

शंका : ‘कितवा आला?’ विचारलं तर काय सांगू?
समाधान : ब्रेव्हेची यादी वेळेनुसार नव्हे, आडनावाच्या अक्षरांनी लावायची पद्धत आहे. म्हणजे आडे असाल तर वरच्या ओळींत, वानखडे असाल तर तळाशी, दोघं एकत्र पोचलात तरी. विचारणाऱ्याला एवढं समजावण्यापेक्षा ‘मुदतीत आलो’ म्हणा आणि चहा पाजा.

शंका : आपण तयार झालो हे कसं ओळखायचं?
समाधान : पदकावरून नाही. एखाद्या संध्याकाळी घरातूनच, तुम्ही विषय काढला नसताना, “पुढची कवा हाय?” असं कोणी विचारलं, की समजा उसनवारी फिटली आणि पत वाढली. तरीही लगेच तारीख सांगू नका. आधी विचारा, “वेचणीला बाया कवा येनार?”